कोळसेवाल्या वसुधाबाई

वसुधाबाईंच्या वाडीत कुणी सल्ला द्यायला आलं, की त्या आधी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या देत. पिण्यासाठी नव्हे. एका पोफळीच्या बुंध्याशी तो ओतायला लावत, मग भरून आणून शेजारच्या पोफळीशी. पहिल्या जागी पाणी वाळूत बघता बघता दिसेनासं होई. दुसऱ्या जागी त्यांनी कोळशाचा चुरा मिसळलेला असे. तिथे ते रेंगाळत खाली उतरे आणि संध्याकाळीही माती बोटांना ओली लागे. "आता बोला," बाई म्हणत. बहुतेकांचा सल्ला तिथेच संपे.

अलिबागजवळच्या शाळेत त्या रसायनशास्त्र शिकवत, मी मराठी. त्यांनी लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर समुद्राकाठच्या वडिलोपार्जित वाडीत राहायला गेल्या, तेव्हा पोफळी पिवळ्या पडत होत्या. वाळूत दिलेलं पाणी मुळांशी थांबत नसे, म्हणून पंप जास्त चाले, आणि पंप जास्त चालला की विहीर खारट होई. मुंबईच्या दादांनी, त्यांच्या थोरल्या भावाने, बंगल्यांसाठी प्लॉट पाडायचं ठरवलं होतं. बाई त्यांना म्हणाल्या, "पाणी खारट म्हणून विकायचं, तर आधी समुद्र विकायला हवा."

मग त्या करवंट्या आणि झावळ्यांचे दांडे खड्ड्यात जाळू लागल्या. राख व्हायच्या आत पाणी मारायचं, कोळसा कुटायचा, शेणकाल्यात भिजवून आळ्यात मिसळायचा. गाव त्यांना कोळसेवाल्या बाई म्हणू लागलं. मी चिडले, त्यांना मात्र नाव आवडलं. पुढे पंप कमी चालू लागला. विहीर गोड झाली नाही, पण आणखी बिघडलीही नाही, आणि पोफळींना नवे झाप फुटले.

खाडीकडच्या खारजमिनीत भात करणारी हिराबाई पाटील एकदा हे बघायला आली. आळ्यातली माती बोटांनी चाचपून ती म्हणाली, "बाय, तुजे वाडीन पानी थांबत न्हाय, आमचे खारान ते हलत न्हाय. तुजा कोलसा आमचे काय कामाचा?"

बाईंनी सरळ सांगितलं की मला ठाऊक नाही, चिकण मातीत तो उलटं काम करतो असं वाचलंय. दोघींनी शेताचा एक कोपरा धरला आणि त्यात कोळसा मिसळला. त्या पावसाळ्यात तिथलं पाणी तुंबलं नाही. मातीत उतरलं, मीठ घेऊन खाली गेलं. बाकी शेतात पांढरे डाग राहिले, त्या कोपऱ्यात भात कमरेला लागलं. बाई आम्हाला म्हणाल्या, "कोळसा तोच. वाळूत पाण्याला धरतो, चिकणीत वाट करून देतो. समोर कोण आहे ते बघावं लागतं."

पुढल्या वर्षी भात पोटरीत, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात असताना उधाणाने बाहेरच्या बांधाला खांड पाडली. समुद्र आत शिरला, कोपऱ्यासकट सगळं गेलं. आजूबाजूचे शेतकरी जमिनी विकायच्या गोष्टी करू लागले. दादा मुद्दाम आले. बाई कासोटा खोचून चिखलात उभ्या होत्या, खांड बुजवणाऱ्यांच्या रांगेत मातीच्या पाट्या पुढे देत होत्या. आता पुरे, या वयात हे शोभत नाही, असं दादा बरंच काही बोलले. बाईंनी रांग सोडली नाही.

"समुद्र मला विचारून आला नाही, दादा. मीही त्याला विचारून थांबणार नाही. तुझा हिस्सा तू वीक. माझ्यावर मी उभी आहे."

त्या हिवाळ्यात झोपेतच त्या गेल्या. दिवस झाल्यावर दादा खारावर गेले, सोबत मी होते. हिराबाई कोळशासाठी खड्ड्यात पेंढा आणि लाकडं रचत होती. या खेपेला कोपरा नव्हे, सगळं शेत धरलं होतं. आता तरी जमीन विकणार का, दादांनी तिला हळूच विचारलं.

"बाय गेली," ती म्हणाली. "खार हाय तिथंच हाय."

आणि तिने काडी ओढून खड्ड्यात टाकली.