कडू शेंगांचा करार

प्रा. इंदूताई भगत यांचा माझा पहिला परिचय आर्णीच्या बाजाराच्या ओट्यावर झाला. ताई प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका, मी नुकताच वाणिज्य पदवीधर झालेलो. कापसाचे दिवस फिरले होते आणि फवारण्या वाढत चालल्या होत्या. जमलेल्या शेतकऱ्यांना ताईंनी विचारले, "फवारणीचा पंप नदीत धुतला, की ते पाणी कुठं जाते?"

"खाली."

"खाली म्हणजे कुठं?"

"ते खालच्याईले विचारा नं, बाई!"

हशा पिकला. ताई हसल्या नाहीत. त्यांनी खरोखरच खालच्यांना जाऊन विचारले.

आमच्या अरुणावतीचे पाणी पुढे पैनगंगेला आणि अखेर गोदावरीबरोबर समुद्राला मिळते. ताई त्या मुखापाशी पोहोचल्या. खाऱ्या चिखलात उगवणारे आणि माशांच्या पिलांना आसरा देणारे तिथले कांदळवन तुटून गेले होते; कोळी मंडळी ते पुन्हा लावू पाहत होती. त्यांचे पुढारी अप्पाराव यांना घेऊनच ताई परतल्या आणि एक तोंडी करार झाला. खालच्यांनी कांदळवन लावायचे, राखायचे. वरच्यांनी, म्हणजे आपण, काठालगतची गवताची पट्टी नांगरायची नाही आणि पंप नदीत न धुता, काठापासून दूर, माती, कुटार म्हणजे भुसा व शेणखत भरलेल्या, विष तिथेच जिरवणाऱ्या खड्ड्यावर धुवायचे.

अप्पारावांनी भेट म्हणून कांदळाच्या लांब, हिरव्या शेंगा ओल्या पोत्यातून आणल्या होत्या. ते बियाणे आहे, हे त्यांच्या मोडक्या हिंदीतून कोणाला उमगले नाही. दुसऱ्या दिवशी, नदीकाठी शेत असलेल्या गजाननरावांच्या पत्नी रुखमाबाई तक्रार घेऊन आल्या, "बाई, तुमच्या शेवग्याच्या शेंगा दोन पाण्यात शिजवल्या, तरी कडूच्या कडूच! आमच्या ह्याईनं तं ताटच सरकवलं."

अप्पारावांना अर्थ सांगताच ते डोळ्यांत पाणी येईतो हसले. ताई मात्र शांतपणे म्हणाल्या, "एका शेंगेनं तोंड कडू झालं नं? तुमचा पंप त्याईच्या ताटात रोज उतरून राह्यला."

त्या हंगामात खड्डे झाले, पट्टी राखली गेली. ताईंचे नाव 'कडू शेंगवाल्या बाई' पडले. थट्टेत पडलेले हे नाव त्यांनी पदवीसारखे मिरवले.

पुढे बोंडअळी आली, भाव पडले. कापसाच्या एकेका जादा तासासाठी, म्हणजे ओळीसाठी, माणसे काठापर्यंत सरकली. गवताच्या पट्टीत पहिला नांगर गजाननरावांनी घातला. त्याच वर्षी फवारताना ते शेतात कोसळले, तेव्हा ताईंनीच ऑटो थांबवून त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात नेले. वाटेत ते पुटपुटले, "बाई, पट्टी मीच नांगरली नं."

"मले माहीत आहे. उलटी येऊन राह्यली का, ते सांग."

ताईंनी त्यांना कधीही बोल लावला नाही. ताईंचा राग होता तो आपल्यासारख्या शिकल्या-सवरल्यांवर, ज्यांना एक तासही कमी पडत नव्हते आणि तरीही जे गप्प राहिले.

आज गोदावरीच्या मुखाशी कांदळवन उभे आहे. अप्पारावांच्या माणसांनी शब्द पाळला. आपल्याकडे पट्टी उरलेली नाही, पंप पुन्हा नदीत धुतले जातात, आणि पंप धुण्याच्या सर्वांत मोठ्या खड्ड्यावर मुरूम टाकून मंगल कार्यालयाची गाड्या लावायची जागा झाली आहे. ताईंच्या पंचाहत्तरीचा सोहळा त्याच कार्यालयात योजला आहे. निमंत्रण घेऊन गेलेल्या गौरव समितीला ताईंनी एकच अट घातली, "आधी मुरूम काढा, मग शाल आणा." समितीने शाल आणली आहे. मुरमाचा विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे.

दोन पक्षांच्या करारात एकाच पक्षाने शब्द पाळावा, याला माझ्या वाणिज्याच्या शास्त्रात सहकार्य म्हणत नाहीत. ताईंना निरामय दीर्घायुष्य लाभो, ही प्रार्थना मी मनापासून करतो. पण त्या जितकी वर्षे जगतील, तितकी वर्षे आपल्याला बाजाराच्या ओट्यावरचा तोच एक प्रश्न विचारतील, हेही समारंभाला येणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. गाडी लावून उतरताना पायाखाली पाहावे. शाल तिथूनच आत न्यायची आहे.