उलटा माऊस

लातूरला बारावीचे क्लास करत होतो तेव्हा माझ्या खोलीत किल्लारीकडचा एक मुलगा होता. भूकंपात त्याचे आईवडील घराच्या मातीच्या छताखाली, माळवदाखाली, गेले. तो तीन वर्षांचा होता, त्याला मावशीच्या नवऱ्यानं दगडमातीतून ओढून काढलं. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, दोरीवर कपडे वाळत घालता घालता. खोलीत तो झोपत नसे. थंडीतही गादी घेऊन गच्चीवर जायचा.

रविवारची टेस्ट झाली की आम्ही क्लासमागच्या सायबर कॅफेत बंदुकीचा गेम खेळायचो. एकाच कॉम्प्युटरवर, पाळीपाळीनं. माझी पाळी आली की मी माऊस पुढं सरकवायचो, तर पडद्यावर वरच्या खिडकीऐवजी जमीन दिसायची. तेवढ्यात मला गोळी लागायची. सेटिंग त्यानं उलटी करून ठेवलेली असायची.

"सरळ खेळायला काय होतं तुला?"

"हेच सरळ हाय. मान मागं घेतली की वर दिसतं. माऊसबी मागं ओढला की वरच दिसाय पाहिजे."

तो आधी विमानाचा गेम शिकला होता. त्यात दांडी मागं ओढली की विमान वर जातं. हात तसाच बसला होता. मी सेटिंग बदलायचो, तो परत उलटी करायचा. यावरून आमचा एकदा आठवडाभर अबोला होता.

खेळात तो लवकर मरायचा. कुठल्याही घरात शिरला की आधी छताकडं बघायचा, आणि समोरचा त्याला टिपायचा.

परीक्षा तोंडावर आली होती. एका संध्याकाळी आम्ही गणितं सोडवत होतो आणि मांडणीवरची भांडी वाजली. भूकंपाचा हलका धक्का होता. मी जिन्याकडं पळालो. त्यानं दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून उडी टाकली.

मी खाली पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. "पडली का बिल्डिंग?" एवढंच विचारत होता. बिल्डिंगला साधा तडाही गेला नव्हता.

खुबा आणि उजवं मनगट मोडलं. त्याची परीक्षा हुकली. दवाखान्यात त्याला लहानाचं मोठं केलेली मावशी माझ्याशी हळू आवाजात बोलली, "एकदा वाचला, आता ह्याला काय व्हत न्हाई, असं धरून चालले व्हते मी."

सुट्टीत भावाचा लॅपटॉप घेऊन मी त्याच्या गावी गेलो. विमानाचा गेम टाकला, त्याच्या सवयीची सेटिंग करून दिली. उजवं मनगट वळत नव्हतं. डाव्या हातानं त्यानं दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा विमान जमिनीत घुसलं.

"तूच खेळ," तो म्हणाला. "तुझ्यासारखं सरळ करून घे."

मी खेळत राहिलो. तो अंगणातल्या बाजेवर पडून बघत होता.

मी नांदेडला इंजिनिअरिंगला लागलो. त्यानं परीक्षा पुन्हा दिली नाही. मावशीनं दारातच पत्र्याखाली झेरॉक्सचं मशीन घालून दिलं, ते वर्षभरही चाललं नाही. नंतर भरदुपारी फोन केला तरी मावशीच उचलायची. "झोपलाय," म्हणायची.