चन्नप्पाचे साक्षीदार

चन्नप्पा तीन वर्षांनी जपानहून रजेवर आला, तेव्हा निम्मी बाळीवेस पेठ त्याला बघायला लोटली. माणूस तोच होता. फक्त दारात बूट काढले की त्यांची तोंडं बाहेर करून जोडीनं ठेवायचा आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकापुढं कमरेत वाकायचा. ते वाकणं बघून शेजारच्या सोजरबाईनं कंबरेला चोळायला तेल पाठवून दिलं. चन्नप्पानं तेही वाकूनच घेतलं.

कापसाच्या बाजारात वाढलेल्या या गड्याला मुंबईच्या एका पेढीनं कोबे बंदरातल्या आपल्या कचेरीत धाडलं होतं. इकडचा कापूस तिकडच्या गिरण्यांना विकायचा, गाठी उतरल्या की गिरणीवाल्यांची कुरकुर ऐकायची, बिनदुधाचा चहा प्यायचा आणि वाकायचं. पगार चांगला होता, साहेब भला होता, गावही देखणं, एका अंगाला डोंगर नि दुसऱ्या अंगाला समुद्र. मांसमच्छीला हात न लावता तो भातभाजीवर राहायचा आणि आई अधूनमधून धाडायची ती कडक भाकरी देवाच्या प्रसादासारखी तुकड्यातुकड्यानं पुरवायचा. तक्रार एकच. संध्याकाळी दार उघडलं की बोलायला कुणी नव्हतं. यंदा निंगव्वाला, म्हणजे बायकोला, घेऊनच जायचं असं ठरवून तो आला होता.

पण घरात शब्द चालायचा तो आईचा, केराबाईचा. नवऱ्यामागं तिनं एकटीनं संसार ओढला होता. तिला न विचारता मांजरसुद्धा चुलीपाशी बसत नसे. सून धाडायचं नाव काढलं की ती म्हणायची, “बगू.” आणि तिच्या ‘बगू’चा अर्थ ‘नाही’ असा असतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

तिच्या मनात काय होतं ते शेवटी एका सकाळी बाहेर आलं. लिंगायताच्या गळ्यातलं इष्टलिंग म्हणजे त्याचा देव. जन्मल्यावर बांधतात, ते माणसाबरोबरच मातीत जातं. मधे कधी अंगावेगळं करायचं नाही.

“चन्ना, खरं सांग,” ती म्हणाली. “तितं कदी लिंग उतरवलंस का? उतरवलं असशील तर सून हितंच ऱ्हाईल.”

“न्हाय, अव्वा.”

“कुनी बगितलंय? साक्ष कुनाची?”

चुलीपाशी निंगव्वाचा भाकरी थापणारा हात थांबला. चन्नप्पाकडं साक्षीदार पुष्कळ होते, पण ते सगळे नागडे होते आणि तोही. आईपुढं हे सांगायचं कोणत्या तोंडानं? पण न सांगावं तर निंगव्वा इथंच राहते. त्यानं मान खाली घातली आणि बोलायला लागला.

कोबेत त्याच्या खोलीला न्हाणी नव्हती. सगळी गल्ली संध्याकाळी पैसे देऊन एकाच न्हाणीघरात जाई; पुरुष एकीकडं, बायका दुसरीकडं. कपडे टोपलीत ठेवायचे, अंग धुवायचं आणि कढत पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बसायचं. पहिल्याच दिवशी तिथल्या म्हाताऱ्या मालकानं त्याच्या गळ्यातल्या, लिंग ठेवलेल्या चांदीच्या डबीकडं बोट दाखवलं. हीही टोपलीत ठेवा. चन्नप्पानं मान हलवली. याला आपल्या न्हाणीघरात चोरीची भीती वाटते, असं समजून म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. तेव्हा चन्नप्पानं डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं आणि डोळे मिटून कपाळाला लावलं. डोळे उघडून बघतो तर म्हातारा आणि हौदातले पाचसहा जण, होते तसे, कमरेत वाकलेले.

“सगळ्यांम्होरं?” केराबाईनं विचारलं. “धोतरबी न्हाय?”

“धोतरबी न्हाय, अव्वा.”

निंगव्वानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तव्यावरची भाकरी करपत होती, तिकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

“म्हंजे अंगावर चिंदी नव्हती,” केराबाई सावकाश म्हणाली, “पन लिंग हुतं.”

“व्हय.”

मग ती हसायला लागली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“हिनं त्या हौदात जायचं न्हाय,” डोळे पुसत ती म्हणाली. “घरात घंगाळ ठिव.” मग उठून तिनं आपली ट्रंक उघडली आणि एक पुरचुंडी निंगव्वाच्या पिठाच्या हातात दिली. आत नवं, इवलंसं लिंग होतं.

“तितं लिंग बांदायला जंगम कुटं मिळायचा? लेकरू झालं की तूच बांद. आई बी गुरूच असती.”

“ह्ये कदी आनलंस, अव्वा?” चन्नप्पानं विचारलं.

“तू येनार म्हनून कळलं, तवाच.”

“मग इतकं दीस नगं का म्हनत हुतीस?”

“नगं कदी म्हनलं? बगू म्हनलं,” केराबाई म्हणाली आणि करपलेली भाकरी उलटायला चुलीपाशी बसली.