सात थरांना दिलेला दम

चिंतामण मास्तरांच्या नजरेत अख्तरीबी पहिल्यांदा भरली ती मलकापुरातल्या एका लग्नात. मंडपामागे बिर्याणीच्या देगेच्या झाकणाजवळ कान नेऊन, डोळे मिटून ती उभी होती.

"काय ऐकताय?" मास्तरांनी विचारलं.

"पानी बोलून राह्यलं. चूप झालं का देग उतरवाची."

तेव्हापासून शाळेचं कुठलंही मोठं जेवण मास्तरांनी दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही.

मागच्या वर्षी ती घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात चालू लागला, पण अख्तरीबीचा हात गेला असं गावाने ठरवून टाकलं होतं. चार महिने कुणी बोलावलं नाही. मुलगा जाकीर देगा विकायची भाषा करू लागला. शेवटी तिने त्याला शब्द दिला, "एक जेवन करू दे. बिघडलं त देगा इकून टाक."

ते जेवण मास्तरांनी मिळवून दिलं. शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा, दीडशे पानं. अडचण एकच होती. यजमान होता सौमित्र, टेक्सासहून आलेला. तिकडच्या पार्टीत सात थरांचं डिप करतात, तेच त्याला मित्रांना खाऊ घालायचं होतं. त्याने पाठवलेली यादी मास्तर अख्तरीबीला वाचून दाखवू लागले. खाली घोटलेला राजमा, त्यावर अव्होकाडो...

"ते काय असते?"

"फळ आहे. हिरवं, लोण्यासारखं. फारशी चव नसते म्हणे."

"चवच नाही त घालाचं काऊन?"

आणि तिथे तुरीच्या हिरव्या दाण्यांचा ठेचा आला. आंबट सायीच्या जागी चक्का आला. टोमॅटो, चीज आणि कांद्याची पात तिला मंजूर होती. ऑलिव्हच्या फोटोकडे तिने बराच वेळ पाहिलं आणि खारातल्या मिरच्या घ्यायचं ठरवलं. बुडवून खायला ज्वारीच्या भाकरीचे तळलेले तुकडे. मास्तर खूश झाले. फक्त एक गोष्ट यादीत लिहिलेली नव्हती, आणि आयुष्यभर पोरांना 'प्रश्न पूर्ण वाचा' म्हणून ओरडलेल्या मास्तरांनीही ती विचारली नाही.

मेळाव्याच्या दिवशी सौमित्रच्या बोलण्यातून ती कळली, आणि अकरा वाजता मास्तर घाईने शाळेमागे गेले. दोन्ही देगांची झाकणं कणकेने बंद केलेली, वर निखारे, आणि अख्तरीबी कान देऊन उभी.

"अहो, हे थंड खातात!"

"थंड?" तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी पाहुण्यांना दारातूनच परत पाठवायला सांगितलं होतं. "थर लावले म्हंजे दम आलाच न, सर! सात सात थर लावून कच्चं वाढाचं, ही कोन्या घरची रीत?"

झाकण उघडलं. चक्क्याने पाणी सोडलं होतं, चीजच्या तारा निघत होत्या आणि हिरवा थर खाकी झाला होता. जाकीर देगेत डोकावला.

"अम्मी, धुऊन ठेवू का देगा?"

"घोटना आन," एवढंच अख्तरीबी सुनेला, गुलनाजला म्हणाली. डावा हात खाली, मोडलेला हात वर धरून तिने गहू-मटणाचा खिचडा घोटतात तसं घोटायला सुरुवात केली. मध्येच मूठभर बेसन टाकलं. मग दुसरी देग. शेवटी लसूण आणि लाल मिरचीची फोडणी दिली. घामाने तिची ओढणी भिजली, पण घोटना तिने दुसऱ्या कुणाला दिला नाही.

पंगत बसली. सौमित्र ताटाकडे बघतच राहिला. "सर, थर कुठे गेले?"

"सातच्या सात आहेत बाप्पा," अख्तरीबीने मास्तरांच्या आधीच सांगितलं. "पोटात गेल्यावर मोजजो."

एसटीत कंडक्टर असलेले अर्जुनराव भाकरीचा तुकडा बुडवत म्हणाले, "म्हंजे अमेरिकेत बी खिचडाच खातात म्हना की, राजेहो!"

सौमित्रने दोनदा वाढून घेतलं. "हे डिप नाही," तो म्हणाला, आणि तिसऱ्यांदा ताट पुढे केलं.

जाकीर जेवायला आला तेव्हा देगेत नुसतं बूड दिसत होतं. "मले काहीच नाही ठेवलं का?"

"इकाच्या आहेत न देगा?" आई म्हणाली. "मंग रिकाम्याच बऱ्या."

जाकीर भाकरीचे उरलेले तुकडे खात बसला.

अख्तरीबी आता चौसष्ट वर्षांची आहे. लग्नसराईत ती आठवड्याला तीन जेवणं करते, आणि भरलेली देग चुलीवरून उतरवायला जाकीर तिच्याबरोबर जातो.