डॉक्टरकडं नेणारी डॉक्टरीण

किर्गिझस्तानातून डॉक्टरकीची पदवी घेऊन मी विट्याला परतले, तेव्हा आण्णांनी गल्लीच्या तोंडाशी माझ्या फोटोचा फलक लावला होता. आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचं तमिळनाडूत गलाईचं दुकान, सोनं वितळवून शुद्ध करायचं. ते दुकान बंद ठेवून खास आले होते. फलकावर ‘डॉक्टर’ हा शब्द माझ्या नावाहून मोठा होता. अडचण एवढीच, की बाहेरच्या देशात शिकलेल्यांना इथली परीक्षा आणि इंटर्नशिप झाल्याशिवाय साधी गोळीही लिहून देता येत नाही. हे मी घरात सगळ्यांना समजावलं. फलकाला कोण समजावणार?

दुसऱ्या दिवसापासून दारात माणसं. कुणाचे गुडघे, कुणाची शुगर. मी हात जोडून परत पाठवायचे. शेजारच्या तात्यांना ते पटेना.

“म्हंजे शिकलीस, पर डॉक्टर न्हाईस?”

“अजून नाही, तात्या.”

“मग इतकी वर्सं तिकडं बर्फात काय केलंस गं?”

इथल्या परीक्षेत पहिल्या खेपेला मी नापास झाले. फलक उतरवा म्हटलं, तर आण्णा तमिळनाडूतून फोनवर शांतपणे म्हणाले, कापड चांगलं आहे, पुढच्या परीक्षेपर्यंत टिकेल.

एका सकाळी तात्या घामाघूम होऊन आले. पित्त झालंय, एक गोळी दे म्हणाले. डावा हात जड झालाय, हे जाता जाता सांगितलं. मी त्यांना तसंच रिक्षात घालून हृदयाच्या डॉक्टरांकडं नेलं. तिथून अॅम्ब्युलन्सनं सांगलीला. तात्या वाचले. घरी आल्यावर गल्लीभर सांगत सुटले, “पोरीला गोळी द्यायची परवानगी न्हवती म्हणून वाचलो. असती तर पित्ताचीच दिली असती.”

मला राग आला आणि हसूही. त्यानंतर लोक औषध मागायचे थांबले. कुठल्या डॉक्टरकडं जाऊ, एवढंच विचारू लागले. तात्यांनी माझं नाव ठेवलं, डॉक्टरकडं नेणारी डॉक्टरीण.

पुढच्या खेपेला पास झाले. सांगलीच्या सरकारी दवाखान्यात इंटर्नशिप सुरू झाली, तशी आण्णा न सांगता आले आणि केसपेपर काढून रांगेत बसले. नंबर आल्यावर हात पुढं केला. मी बीपी मोजलं, ते वाढलेलं निघालं. मोठ्या डॉक्टरांना दाखवलं आणि मीठ कमी करा म्हणून आण्णांना दटावलं.

आण्णांना एवढा आनंद झाला, की खाली जाऊन सगळ्या वॉर्डासाठी खारं-तिखट भडंग घेऊन आले आणि पहिली मूठ स्वतःच्या तोंडात टाकली.