चमक गेलेलं कार्ड

घरोघरी आजाऱ्यांची देखभाल करायला माणसं पुरवणाऱ्या त्या ब्युरोत कागद तपासणाऱ्या बाईला सगळे मागून भिंगवाली म्हणत, तोंडावर ताई. चष्म्याच्या दोरीला भिंग लटकवून फिरणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? अकरा वर्षांत तिच्या हातून एकही खोटं ओळखपत्र सुटलं नव्हतं. ब्युरोच्या पत्रकावर तसं ठळक छापलंच होतं, त्यामुळे ते खरं राहणं भाग होतं.

तिची रीत ठरलेली. कार्ड हातात आलं की आधी कडेवरून नख फिरवायचं. फोटो बदललेला असला की तिथे प्लास्टिकचा पदर सुटतो. मग भिंगाखाली बारीक अक्षरं. खोट्या कार्डात अक्षरं नसतातच, नुसती ठिपक्यांची रांग असते. मग कार्ड खिडकीकडे तिरकं धरून सील बघायचं. खऱ्यावर रंग सरकतो, खोट्यावर बसल्या जागी बसून राहतो. त्यानंतर फोटोतले कान आणि समोरचे कान. केस, मिशा, चष्मा माणूस बदलतो, कान कोण बदलायला जातंय? आणि शेवटी, कार्ड देणाऱ्या कचेरीत फोन करून नंबर पडताळायचा. हा फोन तिने केव्हाच सोडून दिला होता. लागायचा नाही, आणि लागला तरी पाऊण तास तेच ते संगीत. शिवाय स्वतःचे डोळे असताना फोन हवाय कशाला?

त्या मंगळवारी पंचेचाळिशीची एक बाई आली. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सात वर्षं केलं, आता सासू गेली, आणि मला दुसरं काही येत नाही, म्हणाली. नखं मुळापर्यंत कापलेली, साबणाने सालपटं निघालेले हात. पण भिंगवाली हात बघत नसे. कार्ड जाडजूड होतं, त्यावरचं सील राखाडी, मेलेलं. इकडे फिरवा, तिकडे फिरवा, रंग म्हणून नाही. बारीक अक्षरं बघायची तसदीही तिने घेतली नाही. फॉर्मवर ‘बाद’चा शिक्का पडला.

बाई भांडली नाही. एवढंच विचारलं, “खोटं कोण म्हणायचं मॅडम, मी की कार्ड?”

भिंगवालीने पुढच्याला बोलावलं. चहाच्या आत बाईचं नाव, फोटो आणि नंबर शहरातल्या सतरा ब्युरोंना गेला. ही यादी साहेबांची कल्पना: एकाने बाद केलेल्या माणसाला दुसऱ्याने दारात उभं करायचं नाही.

दोन महिन्यांनी भिंगवालीला तिच्या वडिलांना मोतीबिंदूसाठी दवाखान्यात न्यायचं होतं. तिने कपाटातून त्यांचं कार्ड काढलं. “भिंगाखाली धर की,” वडील म्हणाले, “मी तरी खरा आहे का कळू दे.” हसत हसत तिने सवयीने ते खिडकीकडे तिरकं केलं. सील राखाडी होतं. मेलेलं.

चार वर्षांपूर्वी ओलं होऊ नये म्हणून झेरॉक्सच्या दुकानात नेऊन तिनेच त्यावर प्लास्टिक चढवून घेतलं होतं. गरम मशीनमधून निघालेलं कार्ड तिने फुंकर घालून पाकिटात ठेवलं आणि पुन्हा कधी बघितलं नाही; त्या उष्णतेनेच सीलचा रंग गेला होता. घरच्या माणसाचं कार्ड कोण तपासतंय?

“काय गं,” वडील म्हणाले, “खोटा निघालो का?”

कपाटासमोरच्या स्टुलावर बसून तिने कार्डाच्या कडेवरून नख फिरवलं: जाडजूड, त्या बाईच्या कार्डासारखंच.

दुसऱ्या दिवशी कार्ड देणाऱ्या कचेरीचा नंबर फिरवून ती फोनला चिकटून राहिली. सत्तेचाळीस मिनिटांनी कारकुनाने कंटाळून सांगितलं की नंबर बरोबर, नाव बरोबर, बाईचं कार्ड खरं आहे. ती साहेबांकडे गेली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. एक नाव चुकलं म्हणालो तर यादीतली उरलेली तीनशे कोण मानेल, असं त्यांचं म्हणणं. मग तिने स्वतःच पत्र टाइप केलं, कार्ड खरं आहे, चूक माझी, आणि खाली सही केली. फॉर्मवरचा पत्ता घेऊन शनिवारी दुपारी ती तीन जिने चढली.

दार त्याच बाईने उघडलं. खोलीत सासूचा रिकामा लोखंडी पलंग होता, त्याच्या दांड्यावर कपडे वाळत होते. बाईने तिला ओळखलं, तरी पाणी दिलं. सासूच्या औषधांनी भिजू नये म्हणून नवऱ्याने कार्डाला प्लास्टिक करून आणलं होतं, असं तिने सांगितलं. चार ब्युरोंत गेले, चारही ठिकाणी मी बसायच्या आत टेबलावर माझाच फोटो निघाला. आता महिनाभर काम लागलंय, लकवा झालेले आजोबा आहेत, माणूस चांगला.

“काम कसं मिळालं?” भिंगवालीने विचारलं. विचारतानाच तिला कळलं होतं.

बाईने ब्लाउजमधून पाकीट काढलं आणि नवं कोरं कार्ड तिच्या हातावर ठेवलं. फोटो बाईचा, नाव भलत्याच कोणाचं. “बघा ना तुम्हीच. चमकतंय की नाही?”

बोटांनी आपोआप ते तिरकं केलं. सील लखलखत होतं, रंग मात्र जागचा हलत नव्हता. भिंगाखाली ठिपक्यांची रांग.

“जुनं कुठंय?”

“कात्रीने कापलं आणि चुलीत घातलं. त्याच्यामुळेच तर सगळं.”

पर्समधलं पत्र ज्या कार्डाबद्दल होतं, ते जगात उरलंच नव्हतं. आणि जी बाई खरी होती, ती आता खरोखरच खोटी झाली होती. अकरा वर्षांत हातून एकही खोटं कार्ड सुटलं नव्हतं, हे खोटं मात्र तिने स्वतःच्या हाताने घडवलं होतं.

“हे कुठं दाखवू नका,” भिंगवाली म्हणाली. “पकडलं जाईल. नव्यासाठी अर्ज करा, मी येते बरोबर.”

“त्याला सहा महिने लागतात. शिवाय आधी जुनं दाखवा म्हणतात.” बाईने कार्ड परत घेतलं, पुसलं, पाकिटात घातलं. आजोबांच्या आंघोळीची वेळ झाली होती. ती चपला घालू लागली.

“मग तुम्हीच सांगा,” दाराला कुलूप घालताना ती म्हणाली, “कुठलं दाखवू?”