वाटी रिकामी आली

अवसरीच्या घरात चुली वेगळ्या झाल्या, तरी थोरल्या जाऊबाईंची आणि माझी वाटी चालू राहिली. इकडून कालवण गेलं की परत येताना वाटीत कधी ठेचा, कधी नुसती चिमूटभर साखर. रिकामी वाटी परत धाडायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. आणि त्या सकाळी वाटी आली ती घासूनपुसून, रिकामी. माझं डोकंच फिरलं. संबंध तोडायचे तर तोंडानं सांगावं की! मंचरला पोचेपर्यंत मनातल्या मनात भांडत होते.

तिथल्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. सहलीला गेलेल्या मुलींनी कोकणातून कॅनभर समुद्राच्या पाण्यात एक शिंपला आणला होता. त्यावर हायड्रॉइडची वसाहत. दिसायला बारीकसं झुडूप, पण असतो प्राणी. फांदीफांदीच्या टोकाला एकेक तोंड आणि सगळ्यांच्या आतून एकच पोकळ नळी. आम्ही एका तोंडाला बारीक नारिंगी जीव भरवले. माझं निम्मं लक्ष वाटीतच. थोड्या वेळानं सूक्ष्मदर्शकाखाली नारिंगी कण नळीतून निघाले, थबकले, उलटे फिरले, पुन्हा पुढे सरकले. खाल्लेलं तोंड आकसून त्यांना ढकलत होतं. काही कण पार पलीकडच्या, काहीच न मिळालेल्या तोंडापर्यंत पोचले.

एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ते उपाशी तोंड परत काय देतं?"

"पोटात असेल तर देईल ना," मी वसकन म्हणाले आणि ती रिकामी वाटी डोळ्यांपुढे आली. पुढचा तास कसा घेतला, आठवत नाही.

घरी आले ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून जाऊबाईंच्या दारात. भाऊजी टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात मुक्कामाला, मुलगा नुकताच पुण्याला शिकायला गेलेला. हे सगळं मला माहीत होतं. ओट्यावर चहाचं पातेलं आणि बिस्किटाचा पुडा, बाकी काही नाही. वाटी रिकामी का धाडली, असं मी विचारलं.

"पोरगं गेल्यापासनं शिजवलंच न्हाई काय. एकटीसाठी काय शिजवायचं?"

मला राहवलं नाही. साखर तरी होती ना, म्हटलं.

त्यांनी पदराला हात पुसले. "व्हती. पण साखर घालून धाडली असती, तर तू आली नसतीस."

मी पर्स खाली ठेवली आणि पिठाचा डबा कुठाय ते विचारलं.